दोन मीटरचा कॅमेरा आणि कोल्हापूर

शुक्रवार

आधीच सांगतो, म्हणजे कुणाचा वेळ जायला नको. रिको जीआर थ्री हा कॅमेरा बहुतेकांनी घेऊ नये. झूम नाही. डोळ्याला लावून बघायची खिडकी नाही. फ्लॅश नाही. मागचा स्क्रीन वर-खाली वळत नाही. पावसाधुळीला अडवणारं सील नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी कंपनीच्याच आकड्यानुसार सुमारे २०० फोटो. असा सगळा नन्नाचा पाढा खिशात घालून मी कोल्हापूरला निघालो आणि बाकीची पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. बायकोला वाटलं, माझी तब्येत बरी नसावी.

आयुष्य वर्तमानपत्राच्या नोकरीत आणि नंतर लग्नांच्या हंगामात गेलं. सुरुवात निकॉन एफएम-२ वर, ३६ फोटोंच्या रोळावर. अलीकडे निकॉन डी७५० आणि २४-७०ची लेन्स, म्हणजे गळ्यात पावणेदोन किलो. ७०-२०० सोबत घेतली की आणखी दीड किलो. रिको बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम. शर्टाच्या खिशात बसतो आणि वर खिशाचं बटण लावता येतं. आत मात्र सेन्सर एपीएस-सी आकाराचा, २४ मेगापिक्सेल, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या पुष्कळशा मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या बरोबरीचा. लेन्स एकच, १८.३ मिलीमीटर, एफ/२.८ (हा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं). जुन्या ३५ एमएम फिल्मच्या हिशेबात ती २८ची लेन्स झाली, म्हणजे रुंद चौकट; आकडा वाढेल तसं लांबचं जवळ दिसतं.

हे घराणं जुनं आहे. पहिला जीआर-१ आला १९९६ साली, तो फिल्मचा. २००५ मध्ये जीआर डिजिटल आला, त्याचा सेन्सर बारका. २०१३ मध्ये मोठा सेन्सर घातला. हा तिसरा २०१९चा, आणि २०२१ मध्ये त्याचाच भाऊ थ्री-एक्स आला, ४०च्या लेन्सचा. २८ची चौकट, खिसा आणि एका हाताने चालणारी बटणं, एवढं इतकी वर्षं धरून ठेवलंय. नवीन काही आलं की मेन्यूत चार कप्पे वाढवणाऱ्यांच्या जमान्यात मला हे आवडतं.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. कराड मागे पडेपर्यंत कॅमेऱ्याची मांडणी करून टाकली. यात स्नॅप फोकस नावाची सोय आहे. फोकसचं अंतर आधी ठरवून ठेवायचं, आणि शटर एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा शोधाशोध न करता थेट त्या अंतरावर जातो. मी दोन मीटर ठेवलं. एफ/८ वर दोन मीटरला फोकस असला की साधारण एक मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं नीट येतं. एफ/२.८ वर उघडलात तर दीड ते तीन मीटर, बस्स. हा हिशेब डोक्यात पक्का बसवायचा. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या दोन मीटरांवर उभं आहे.

ताईचं घर रंकाळ्याच्या बाजूला. चहा झाला तसा भाचा म्हणाला, "मामा, चला चौपाटीवर, उजेड हाय अजून." त्याने कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट केला. "ह्यात झूमच नाही व्हय?" नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला कुणीतरी गंडवलंय.

संध्याकाळी रंकाळ्यावर कोल्हापूरकर जे करतो ते सगळं चालू होतं. फेरी, भेळ, बाकावर बसून राजकारण. पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ, पलीकडे शालिनी पॅलेस, मागे केशरी आकाश. भाच्याने मोबाईल काढला, लांबचं जवळ आणणाऱ्या टेली लेन्सवर गेला आणि संध्यामठ झकास उचलला. माझ्या चौकटीत संध्यामठ हरभऱ्याच्या दाण्याएवढा. यात ५०चा क्रॉप आहे, म्हणजे चौकटीतला मधला तुकडा कापून घ्यायचा, पण तो घेतला की २४चे ७ मेगापिक्सेल उरतात, आणि तरी मठ लांबच. मान्य करून टाकलं. पोस्टकार्डाचं काम या कॅमेऱ्याचं नाही, मोबाईल तिथे सरळ पुढे आहे.

मग भेळेच्या गाडीकडे वळलो. तिथे अंतर दोन मीटरच्या आत. भेळवाल्याचा हात पातेल्यात चिरमुरे फिरवतोय, वर बल्ब, मागे तळ्यावरचा उरलेला निळा. एफ/२.८, आयएसओ १६०० (हा आकडा वाढवला की कमी उजेडातही भागतं, पण फोटोत दाणे येतात). हाताची बोटं किंचित हललेली, चिरमुरे हवेत, आणि गाडीपुढे उभ्या पोरीचं पुडीकडे लागलेलं लक्ष. तिच्या बापाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत पुडीकडे. गळ्यात डी७५० असता तर त्याने पोरीला "बघ बघ, फोटो काढत्यात" म्हणून माझ्याकडे वळवलं असतं. हे मी शेकडो लग्नांत बघितलंय.

शनिवार

पहाटे तालीम. ओळखीतून वस्तादांना आधी निरोप गेलेला होता. शहरातल्या जुन्या तालमींपैकी एक. नाव देत नाही, कारण फोटो मुलांच्या सरावाचे होते, जाहिरातीचे नव्हेत. शाहू महाराजांनी कुस्तीला जो आसरा दिला त्यातून ही शहरभरची तालमींची जाळी उभी राहिली, आणि १९१२चं खासबाग मैदानही त्यातलंच. कोल्हापुरात रिक्षावालासुद्धा कुणाची कुस्ती कुणी कशी मारली ते डावासकट सांगतो.

चप्पल बाहेर, आत वाकून जायचं. दगडी भिंती, छताजवळ एक झरोका, दोन ट्यूबलाइट. हौद्यात लाल माती. तेल, हळद, ताक, लिंबू घालून मुरवलेली. वास असा की नाकात बसला तो दिवसभर गेला नाही. वस्ताद कट्ट्यावर बसलेले. मी खिशातून कॅमेरा काढला तर ते हसलेच.

"एवढासाच? मग घ्या की फोटू. मागं एकजण तोफ घेऊन आलावता, पोरं कुस्ती सोडून तिकडंच बघत्यात. मी म्हटलं, तुम्ही जावा आता."

या कॅमेऱ्याची किंमत त्या एका वाक्यात वसूल झाली, असं मला तेव्हाच वाटलं. पोरांनी पहिली पाच मिनिटं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, नंतर मी तिथे आहे हेही विसरले. लेन्सच्या आतलं लीफ शटर असल्यामुळे आवाजही नाही म्हणावा इतका. जोर मारणाऱ्यांच्या श्वासात तो ऐकूच येत नाही.

आता तांत्रिक भाग, कारण तालमीतला उजेड भल्याभल्यांची परीक्षा घेतो. कुस्ती गोठवायची तर शटर १/५०० सेकंद तरी हवं. एफ/२.८ आणि १/५००ला तिथे आयएसओ ६४०० लागत होतं. कॅमेऱ्यात हात थरथरण्यावर तोड म्हणून तीन अक्षांचं स्टॅबिलायझेशन आहे, पण ते माझ्या हातासाठी. समोरचा पैलवान ढाकेचा डाव मारतोय त्याला ते काय करणार? तेव्हा झूमवाल्या खेळाच्या फोटोंसारखं प्रत्येक डाव टिपायचा नाद मी सोडला. वस्तादांनी जोड लावली की मी हौद्याच्या कडेला उकिडवा बसायचो, स्नॅप फोकस दोनवर, आणि दोघं लोळत कडेला आले की दाबायचं. दीड ते तीन मीटरच्या पट्ट्यात आले तरच. बाहेर असताना बटण दाबायचंच नाही. ऑटोफोकसच्या भरवशावर राहिलो असतो तर चाचपडण्यातच डाव संपला असता. अशा उजेडात बहुतेक ऑटोफोकस चाचपडतात.

६४००चं दाणेदारपण आहे, पण ते रंगाच्या डागांसारखं नाही, बारीक वाळूसारखं आहे. डीएनजी, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल, संगणकावर उघडून सावल्या उचलल्या तर लाल मातीचा लाल टिकला. मला पुरेसं आहे. ज्यांना प्रत्येक फोटो आयएसओ १००सारखा गुळगुळीत हवा, त्यांनी तालमीत जाऊच नये, स्टुडिओत जावं.

सगळ्यात चांगला फोटो कुस्तीचा नाहीच. लढत सुटल्यावर दोघं पोरं हौद्याच्या कडेला टेकली. एकाने मूठभर माती घेतली आणि दुसऱ्याच्या मानेवर, पाठीवर चोळली, घाम सुकावा म्हणून. दुसऱ्याचा डावा कान मोडून घट्ट झालेला, पैलवानाचा कान होतो तसा, आणि त्याच्या वळ्यांत ओली लाल माती भरलेली. मी दीड मीटरवर होतो. २८ची लेन्स इतक्या जवळून कान दाखवते आणि त्याच चौकटीत मागचा झरोका, भिंतीवरचा मारुती, खुंटीवरचे लंगोटही दाखवते. ८५च्या लेन्सने नुसता कान मिळाला असता, सुंदर, धुसर पार्श्वभूमीवर. तसे कान मी पुष्कळ काढलेत. तालीम दिसली ती आता.

बाहेर पडल्यावर मिसळ. कट वेगळा, सोबत पावाऐवजी ब्रेड. पुणेकराने इथे तोंड उघडू नये. फोटो काढला नाही, दोन्ही हात कामात होते.

दुपारी चप्पल लाइन. दुकानांचे फोटो काढण्यात अर्थ नाही, ते सगळ्यांनी काढलेत. भाच्याच्या ओळखीने जवाहरनगरात एका कारागिरांच्या घरी गेलो. ओसरीवर नवरा तळ शिवतोय, बायको चामड्याची वेणी घालतेय. कोल्हापुरीवरचं बारीक नक्षीकाम पुष्कळ ठिकाणी घरातल्या बायकाच करतात, आणि दुकानाच्या काचेत हे काही कळत नाही. चामडं बाभळीच्या साली-हिरड्यात कमावलेलं, म्हणून तो मधासारखा रंग. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत.

इथे मॅक्रो. बटण दाबलं की लेन्सपासून सहा सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं, आणि त्यासाठी वेगळी लेन्स लागत नाही. चामड्याच्या बारीक पट्ट्या, केसांची वेणी घालावी तशा एकात एक, आणि ओढून घट्ट करताना बाईंच्या अंगठ्याच्या नखाखाली पांढरी पडलेली कातडी. एवढ्या जवळ कॅमेऱ्याची सावली पडते, हे लक्षात ठेवायचं. मी उजेड बाजूने येईल असा सरकलो. बाईंनी विचारलं, "ह्यो मोबाईल हाय का कॅमेरा?" कॅमेरा म्हटलं तर म्हणाल्या, "मग चेहरा नका घेऊ, हात घ्या." चेहरा घेतला नाही.

पायताण मात्र विकत घेतलं. घरातून निघताना मुठीत पैसे कोंबावे लागले.

संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात गेलो तो कॅमेरा खिशात ठेवूनच. गाभाऱ्यात फोटोला मनाई आहे आणि ती बरी आहे. किरणोत्सव नुकताच होऊन गेलेला. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. पश्चिमेकडे इतकं अंतर मोकळं धरून, सूर्य वर्षातून दोनदा कुठे टेकतो हे मोजून ज्यांनी देऊळ बांधलं त्यांना लाइटिंग शिकवायला मी कोण?

रविवार

खिद्रापूर. कोल्हापूरहून साठेक किलोमीटर, कृष्णेच्या काठाला, राज्याच्या अगदी कडेला. वाटेत दोन्ही बाजूंना ऊसतोड, बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा, आणि आम्ही त्यांच्या मागे. भाचा गाडी चालवत होता आणि मी गाडीतून एकही फोटो काढला नाही. धावत्या काचेतून २८ म्हणजे नुसता रस्ता.

कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. सगळे येतात ते स्वर्गमंडपासाठी. ४८ खांबांचा मंडप आणि मधोमध छतच नाही, गोल आकाश. खाली बरोबर तेवढीच गोल शिळा. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र त्या वर्तुळाच्या डोक्यावर येतो तेव्हा इथे गर्दी उसळते. आम्ही गेलो तेव्हा शाळेची एक सहल, एक पुजारी आणि दोन कुत्री.

इथे कॅमेऱ्याची कसोटी लागणार हे मला आधीच माहीत होतं. शिळेवर उभं राहून वर बघितलं तर वर्तुळ आणि त्याच्या भोवती १२ खांब. डोळा ते सगळं एकदम घेतो. २८ घेत नाही. आकाशाचं वर्तुळ बसलं, वरच्या कडेचे कोरीव दिक्पाल बसले, पण बाराच्या बारा खांब काही बसेनात. कंपनी याला २१ची वाइड जोडलेन्स विकते. माझ्याकडे ती नाही आणि घेणारही नाही. खिशातला कॅमेरा खिशाबाहेर काढायचा आणि त्याला तोंडावर टोप घालायचा, मग कशाला?

दुसरी अडचण स्क्रीनची. तो वळत नाही, तर कॅमेरा छताकडे रोखून मान मोडायची. शेवटी रुमालाची घडी केली, शिळेच्या बरोबर मध्यावर ठेवली, तिच्यावर कॅमेरा पाठ टेकवून आडवा, तोंड आभाळाकडे. दोन सेकंदांचा टायमर लावला आणि खांबामागे पळालो. सहलीतली पोरं हे बघून इतकी खूश झाली की त्यांनी स्वतःहून मंडप मोकळा करून दिला. एका पोराने विचारलं, "काका, ह्यो वरनं जाणाऱ्या इमानाचा फोटू काढायलाय का?"

उजेडाचं गणित असं की वर्तुळातलं आकाश पांढरंफेक आणि खांब काळे. माणूस हमखास खांबांसाठी एक्स्पोजर वाढवतो आणि आकाश जाळतो. मी मीटरिंग हायलाइटवर ठेवलं, म्हणजे कॅमेरा सगळ्यात उजळ भाग सांभाळतो, आणि खांब काळेच येऊ दिले. नंतर डीएनजीमधून दिक्पालांची वाहनं, कोरलेल्या कडा हळूहळू बाहेर आल्या. या सेन्सरची खरी ताकद अंधारातून उचलण्यात आहे. मोबाईल हेच काम तीन-चार फोटो एकमेकांवर रचून करतो. त्यात आकाशही निळं, खांबही उजळ, आणि ऊन कुठून येतंय तेच कळेनासं होतं. भाच्याने मोबाईलवर काढलेला फोटो पाहून पुजारी "झकास" म्हणाले. माझा पाहून काही म्हणाले नाहीत. मला माझाच आवडला.

बाहेरच्या भिंतीवर हत्ती आणि मूर्ती, पुष्कळ तोडफोड झालेली. तिथे दोन मीटर पुन्हा कामाला आले. सकाळचं तिरकं ऊन दगडावर सरपटत होतं आणि मी भिंतीला लागून एक-एक हत्ती घेत गेलो. दोन मीटरपेक्षा मागे गेलं की कुंपण आणि पाट्या चौकटीत येतात.

येताना नृसिंहवाडी, दर्शन, बासुंदी. बॅटरी वाडीला संपली. दुसरी खिशात होतीच; हा कॅमेरा एका बॅटरीवर घेऊन हिंडू नये. यूएसबी-सीवर चार्ज होतो, त्यामुळे परतीच्या वाटेवर पहिली गाडीतच कॅमेऱ्यात घालून भरून घेतली.

सोमवार

भाच्याचं ऐकून पन्हाळ्याला निघालो होतो. युनेस्कोच्या २०२५च्या यादीत आल्यापासून तिथे गर्दीही वाढलीय म्हणतात. पण रस्त्याला, करवीर तालुक्यातच, एका गुऱ्हाळाचा धूर दिसला आणि पन्हाळा राहिला. पन्हाळा कुठे पळून जात नाही, आणि तटबंदीला तसंही टेलीच लागते.

गुऱ्हाळावर शिरलं की डोळे आधी बावचळतात. पत्र्याचं छप्पर, धुरकट, आत चुलवाणाचा भडका, वर रुंद काहील, आणि काहिलीवरून वाफेचा जाड पडदा. एक गडी चुलवाणाच्या तोंडात वाळलेली चिपाडं सारतोय. दुसरा लांब दांड्याच्या झाऱ्याने वर आलेली मळी काढतोय. रानभेंडीच्या चिकाने मळी फुटते आणि रस निवळतो. मालकांनी विचारलंसुद्धा नाही कोण-कुठले. आधी पेल्यात रस, मग केळीच्या पानावर गरम काकवी. कॅमेरा बाहेर निघेपर्यंत दोन्ही हात चिकट.

हिवाळ्याच्या सकाळी थंड कॅमेरा असल्या वाफेत नेला की काच धुरकटते. ती पुसू नये. पुसलं की पुन्हा चढते, आणि काकवीची बोटं लागली तर संपलंच. कॅमेरा बंद करायचा, लेन्स आत जाते आणि तिच्यावरची पापणी मिटते. तसाच चुलवाणाच्या बाजूला दहा मिनिटं खिशात ठेवायचा. गरम झाला की मग वाफ बसत नाही. राख उडत असते आणि सील नाही, म्हणून एक फोटो काढला की पुन्हा बंद, पुन्हा खिशात. चालू व्हायला सेकंदभरही लागत नाही, त्यामुळे हे जमतं. मोठ्या कॅमेऱ्यावर लेन्स बदलत मी इथे उभाच राहिलो नसतो.

वाफेत ऑटोफोकसला धरायला काही नसतं. तो वाफेलाच माणूस समजतो. स्नॅप फोकसला वाफ दिसतच नाही. त्याला दोन मीटर सांगितलंय, तो दोन मीटरवर जातो. काहिलीच्या या बाजूला मी, त्या बाजूला गुळव्या, मध्ये दोन-अडीच मीटर उकळता रस. वारा आला की पडदा फाटायचा आणि गुळव्याचा चेहरा क्षणभर दिसायचा, की दाब.

गुळव्याचं काम मी खूप वेळ बघत बसलो. गूळ कधी उतरवायचा हे त्याच्या हातात. साधारण ११५ ते ११८ अंशांच्या मध्ये कुठेतरी तो क्षण असतो, पण तिथे थर्मामीटर बिर्मामीटर काही नाही. त्याने झाऱ्यातला थेंब पाण्याच्या वाटीत टाकला, दोन बोटांनी गोळी केली, दाबली, फेकून दिली. "अजून." पुन्हा थोड्या वेळाने थेंब, गोळी, आणि या वेळी ती वाटीच्या कडेवर आपटली. टण्ण आवाज आला. "काढा रं!" चार गडी काहिलीला भिडले आणि सगळा सोनेरी लगदा वाफ्यात, म्हणजे निवायला केलेल्या उथळ हौदात.

या कॅमेऱ्यात काळ्या-पांढऱ्याचे चार प्रकार आहेत, त्यातला कडक कॉन्ट्रास्टवाला फार गाजलेला. धूर, भडका, घामेजलेली अंगं. कुणालाही वाटेल की हे काळ्या-पांढऱ्यातच घ्यावं. मी घेऊन पाहिलं. फोटो नाट्यमय आला आणि खोटा आला. गुळव्या ज्या रंगावर सगळा हंगाम पेलतो तोच रंग काढून टाकायचा? रस आधी हिरवट, मग मातकट, मग तांबूस, मग तो पिवळा, ज्याच्यावर बाजारात भाव ठरतो. रंगीतच ठेवलं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडाच्या हिशेबाने रंग धरायचे ते, मात्र ऑटोवर सोडला नाही. चुलवाणाच्या उजेडाला तो निळं करून टाकतो. दिवसाच्या उजेडावर पक्का केला आणि आग तांबडी राहू दिली.

मधल्या वेळात कॅमेरा भाच्याकडे दिला. म्हटलं, स्नॅप दोनवर आहे, तू फक्त दाब. तो गेला, हिंडला, आला. रात्री ताईच्या घरी जेवणं झाल्यावर (तांबडा, पांढरा, आणि "अजून घे की" असं ताई तिसऱ्यांदा म्हणाल्यावर उठलो) फोटो बघितले. त्याचे सगळे फोटो चार-पाच मीटरवरून. वाफ आली की तो मागे सरकलेला, माणूस आला की बाजूला झालेला. चौकटीत सगळं आहे आणि काहीच मोठं नाही. "हे असं लांब लांब का दिसतंय?" त्याने विचारलं. लेन्स लांब दाखवत नाही, तू लांब उभा होतास, म्हटलं. ३५चा क्रॉप लावून दाखवला, १५ मेगापिक्सेल उरतात. निम्मे फोटो सुधारले.

मंगळवार

गाडी दुपारची होती. सकाळी खरी कॉर्नरला गेलो. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण सांगणारा कॅमेऱ्याचा स्तंभ तिथे आहे. लोक त्याच्या बाजूने दुचाक्या काढत जातात, आणि ते काही चूक नाही, रोजचा रस्ता आहे.

बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा याच शहरात स्वतः बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, १९१८च्या सुमाराला कॅमेरा चालता केला आणि त्याच्यावर काढलेला चित्रपट १९२० साली पडद्यावर आला. दामले, फत्तेलाल, शांताराम त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली, तीही आधी इथेच. बाहेरून विकत आणायची ऐपत नाही तर लेथवर बसून आपला आपण करू, हा या गावचा स्वभाव. त्यापुढे मी मेन्यूतल्या कप्प्यांबद्दल कुरकुरावं हे बरं दिसत नाही, तरी एक कुरकुर करतो: बाजूची बटणं अंगठ्याने चुकून दाबली जातात, आणि मोठ्या बोटांच्या माणसाने ती आधी बंद करून ठेवावीत.

स्तंभाचा फोटो मला नीट मिळाला नाही. वर मान, मागे तारा, खाली रिक्षा. दोन मीटरवरून स्तंभ मावत नाही, लांबून घेतला तर रिक्षा मावतात. त्याऐवजी स्तंभाच्या पायाशी सावलीत बसून कणसं भाजणाऱ्या मावशींचा घेतला, आणि एक कणीस.

स्टँडवर भाचा सोडायला आला. त्याने सगळे दिवस मनात धरलेलं शेवटी विचारलं, "मामा, मग मी घेऊ का हा?"

हा नको, म्हटलं. तुला थ्री-एक्स बघ, ४०वाला. तू माणसांपासून चार पावलं लांब उभा राहतोस. त्यात वाईट काही नाही, पण तुझी लेन्स ती आहे. दोन वर्षांनी जवळ जायला लागलास तर माझा हा घेऊन जा.

"दोन वर्षं थांबायला माझी हरकत नाही," तो म्हणाला, "पण थ्री-एक्सचं आईला तुम्हीच सांगायचं. आणि आत्ताच, फोनवर. गाडी सुटली की तुम्ही उचलत नाही."